वेब सर्व्हिसच्या रिस्पॉन्समध्ये मधूनच दुसऱ्या ग्राहकाचा डेटा येतोय: तीनदा परत आलेला बग आणि त्याची खरी कारणं

आधी लक्षण सांगतो म्हणजे तुमचंही हेच दुखणं आहे का ते कळेल. आमची एक जावा सर्व्हिस आहे, ती बाहेरच्या एका सिस्टीमकडून ग्राहकाची माहिती मागवते, सुरुवातीला सगळं सोप या पद्धतीने म्हणजे एक्सएमएलमध्ये यायचं, नंतर काही एंडपॉइंट्स (माहिती मागवायचे पत्ते) रेस्ट या पद्धतीवर गेले म्हणून तिथलं जेसनमध्ये येतं, आणि ही माहिती ऑब्जेक्टमध्ये भरून आम्ही आमच्या टेबलात टाकतो. दिवसाला हजारो कॉल्स नीट जायचे आणि मग दहा-पंधरा दिवसांतून एखादी तक्रार यायची की कोल्हापूरच्या बाईंच्या रेकॉर्डवर नागपूरच्या कुणाचा तरी पर्यायी मोबाईल नंबर दिसतोय. नाव बरोबर, पत्ता बरोबर, फक्त तो नंबर परका. आता त्या नंबरवर ओटीपी गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे हा "कधीतरी होणारा" बग आहे म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नव्हता.

तोच कॉल परत मारला की सगळं बरोबर. लोकलवर कधीच होत नाही, क्यूएवर (टेस्टिंगच्या सर्व्हरवर) होत नाही, प्रॉडक्शनलाच आणि तेही लोड असताना. असं वर्णन ऐकलं की पहिला संशय थ्रेड्सवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांवर) घ्यायचा आणि आम्हीही घेतला, पण आम्ही चुकलो ते असं की पहिलं कारण सापडल्यावर हेच ते असं धरून तिकीट बंद केलं. कारणं तीन होती आणि एकात एक गुंतलेली होती, म्हणून दर वेळी एक काढलं की बग थोडा कमी व्हायचा आणि महिनाभराने परत उभा राहायचा.

पहिलं कारण सगळ्यात जास्त लोकांना भेटणारं आहे. लॉगमध्ये अधूनमधून जॅक्सबी या एक्सएमएलमधून जावा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीच्या आतल्या क्लासमधून नल पॉइंटर किंवा ॲरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स दिसायचं, आणि जिथे आम्ही सोपचा फॉल्ट वाचायला डॉक्युमेंट बिल्डर वापरत होतो तिथे "एफडब्ल्यूके००५ पार्स मे नॉट बी कॉल्ड व्हाइल पार्सिंग" असा एरर यायचा. हा शेवटचा एरर दिसला ना की वाद घालत बसू नका, तो झर्सेस पार्सर स्वतः सांगतोय की माझं एक पार्सिंग चालू असताना कुणीतरी मला दुसरं द्यायला आलंय, म्हणजे एकच डॉक्युमेंट बिल्डर दोन थ्रेड वापरतायत. पण हा एरर नशिबानेच मिळतो, अनमार्शलर (जॅक्सबीमधला एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट भरणारा भाग) शेअर झाला तर तो इतका स्पष्ट बोलत नाही, कधी फुटतो आणि कधी न फुटता चुकीचं भरून देतो. आमच्या कुणीतरी आधी यावर रिट्राय लावून ठेवला होता, तीन वेळा प्रयत्न कर म्हणून, आणि त्याने फुटणारे कॉल्स झाकले गेले पण न फुटता चुकलेले तसेच टेबलात गेले. हा रिट्राय आधी काढा, तो असेपर्यंत तुम्हाला खरं चित्र दिसणारच नाही.

कोडमध्ये झालेलं काय, तर स्प्रिंगच्या सर्व्हिस क्लासमध्ये अनमार्शलर हा फिल्ड होता, कन्स्ट्रक्टरमध्ये एकदा बनवलेला. स्प्रिंगचा बीन काही वेगळं सांगितलं नाही तर सिंगलटन असतो, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट्सना तोच एक ऑब्जेक्ट, आणि त्याच्या पोटातला अनमार्शलरही तोच. अनमार्शलर हा पार्सिंग करताना आपण कुठल्या एलिमेंटमध्ये आहोत, कुठला ऑब्जेक्ट अर्धा भरलाय, कुठले आयडी रेफरन्स अजून जोडायचे आहेत हे सगळं स्वतःजवळ ठेवतो. दुसरा थ्रेड मध्येच घुसला की त्याच वहीत तो आपलं लिहायला लागतो. सर्व्हलेटमध्ये इन्स्टन्स फिल्ड ठेवला तरी हेच होतं, कारण सर्व्हलेटचा ऑब्जेक्टही एकच असतो आणि त्यातून एका वेळी कितीही थ्रेड जातात.

इथे नियम माहीत असेल तर पुढचं सोपं आहे. जॅक्सबी कॉन्टेक्स्ट हा थ्रेड-सेफ असलाच पाहिजे असं जॅक्सबीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय आणि तो शेअर करा असंही तिथेच सुचवलंय, कारण तो बनवताना सगळे क्लासेस रिफ्लेक्शनने वाचून पूर्ण मॉडेल उभं करावं लागतं, ते महाग काम आहे. मार्शलर (उलट, ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा) आणि अनमार्शलर मात्र थ्रेड-सेफ नाहीत, आणि ते बनवायला स्वस्त आहेत. बरेच जण नेमकं उलटं करतात, कॉन्टेक्स्ट दर कॉलला नवा आणि अनमार्शलर जपून ठेवलेला. आमच्याकडे तर दोन्ही चुका एकाच प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या क्लासमध्ये होत्या, एक जागा हळू होती आणि दुसरी चुकत होती. कॉन्टेक्स्ट स्टॅटिक फायनल करा, किंवा क्लासनुसार अनेक असतील तर कॉन्करंट हॅशमॅपमध्ये कॉम्प्युट इफ ॲब्सेंटने ठेवा, आणि अनमार्शलर मेथडच्या आत नवा बनवा, वापरा, सोडून द्या. साधा हॅशमॅप या कॅशला वापरू नका, जावा ८ च्या आधी तर दोन थ्रेडनी एकदम त्याचा आकार वाढवला की आतली यादी गोल फिरून बसायची आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकायचा. स्प्रिंगचा जॅक्सबी टू मार्शलर वापरत असाल तर तो आतून हेच करतो, कॉन्टेक्स्ट एक आणि अनमार्शलर दर वेळी नवा, त्यामुळे तो बीन म्हणून बिनधास्त ठेवा.

मधल्या काळात एकाने सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावून बघितलं होतं. चुकीचा डेटा थांबला हे खरं, पण अनमार्शलरला आम्ही थेट नेटवर्कवरून येणारा स्ट्रीम देत होतो, त्यामुळे समोरची सिस्टीम हळू झाली की एक थ्रेड कुलूप धरून बाइट्सची वाट बघत बसायचा आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत. दोन तासांत टाइमआउटचे अलर्ट सुरू झाले. म्हणून कुलूप नकोच, स्वस्त वस्तू आहे तर ज्याची त्याला द्या.

जावा ११ मध्ये जॅक्सबी जेडीकेमधून काढून टाकलं आणि नंतर जकार्ता ईई (जावा ईईचं नवं नाव) मध्ये पॅकेजचं नाव बदललं, तेव्हा मला एकाने विचारलं होतं की नव्यात हे सुधारलंय का, तर नाही, नियम तेच आहेत.

हे केलं, रिलीज केला, आणि तीन-चार आठवडे शांत गेले. मग जन्मतारखा चुकायला लागल्या. काही रेकॉर्डला १९७०, काहींना भलत्याच माणसाची तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी चक्क नल, म्हणजे काहीच नाही. एक्सएमएल तपासलं तर त्यात तारीख व्यवस्थित.

एक्सएमएल ॲडॅप्टरमध्ये (एक्सएमएलमधला मजकूर हव्या त्या प्रकारात बदलणारा आमचा क्लास) स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांना एकच असलेला सिंपल डेट फॉरमॅट होता. अनमार्शलर आता प्रत्येकाचा वेगळा, पण ॲडॅप्टरमधला तो स्टॅटिक सगळ्यांचा एकच, म्हणजे आम्ही घराला कुलूप लावलं आणि मागचं दार उघडंच. सिंपल डेट फॉरमॅटच्या आत एक कॅलेंडर असतो, पार्स करताना तो आधी पुसतो, मग दिवस महिना वर्ष भरतो आणि मग त्यातून तारीख काढतो. एकाने पुसलंय आणि दुसरा तेवढ्यात वाचतोय असं झालं की १९७० येतं, एकाने भरलेलं दुसऱ्याने उचललं की परक्याची तारीख येते. आकडे वाचायचा जो भाग आहे तोही शेअर होत असल्यामुळे नंबर फॉरमॅट एक्सेप्शन येतं आणि त्याचा मेसेज "मल्टिपल पॉइंट्स" किंवा रिकाम्या स्ट्रिंगबद्दल असतो. तारखेत पॉइंट कुठून आला म्हणून लोक डेटा तपासत बसतात, तसं करू नका, हा मेसेज तारखेच्या कोडमधून आला की शेअर झालेला फॉरमॅट शोधा. स्पॉटबग्स हे कोड तपासणारं टूल स्टॅटिक डेट फॉरमॅट पकडून देतं पण सिंगलटन बीनच्या साध्या फिल्डमध्ये ठेवलेला त्याच्या नजरेतून सुटू शकतो, तो स्वतःच शोधावा लागतो. उपाय सरळ आहे, जावा ८ पासून आलेला डेट टाइम फॉरमॅटर वापरा, तो इम्युटेबल (एकदा बनल्यावर न बदलणारा) आहे, स्टॅटिक ठेवला तरी चालतो.

पण मला जास्त छळलं ते त्या नल तारखांनी. एक्सेप्शन येत होतं तर कॉल फुटायला हवा होता ना? तर जॅक्सबीमध्ये ॲडॅप्टरने एक्सेप्शन टाकलं की ते थेट वर येत नाही, ते व्हॅलिडेशन इव्हेंट म्हणून नोंदवलं जातं, आणि अनमार्शलरला तुम्ही स्वतःचा इव्हेंट हँडलर दिला नसेल तर जीवघेणी नसलेली चूक तो गिळून पुढे जातो आणि तो फिल्ड नल राहतो. आकड्याच्या जागी अक्षरं आली तरी हेच. म्हणजे तुमच्याकडे वर्षानुवर्षं डेटा गळत असेल आणि लॉगमध्ये एक ओळ नसेल. म्हणून अनमार्शलर बनवला की लगेच सेट इव्हेंट हँडलर करा आणि त्यात फॉल्स परत द्या म्हणजे पहिल्याच चुकीला तो थांबेल. हे आम्ही लावलं त्या दिवशी थ्रेडशी संबंध नसलेल्या आणखी काही जुन्या चुका बाहेर आल्या, समोरच्या सिस्टीमने एक फिल्ड कधीच बदललेला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

याच वेळी आम्ही एक नीट टेस्ट लिहिली आणि ती आधीच लिहायला हवी होती. बत्तीस थ्रेडचा पूल घ्या, प्रत्येकाला वेगळं एक्सएमएल द्या ज्यात सगळ्याच फिल्डमध्ये त्या थ्रेडचा नंबर गुंफलेला आहे, नावात, पत्त्यात, मोबाईलमध्ये, आणि तारीखही प्रत्येकाची वेगळी, सायक्लिक बॅरियरवर सगळ्यांना उभं करून एकदम सोडा, हजारो वेळा पार्स करायला लावा आणि दर वेळी प्रत्येक फिल्ड आपलाच आहे का ते तपासा. सगळ्या थ्रेडना एकच एक्सएमएल दिलं तर टेस्ट कायम हिरवी राहील, कारण मिसळलं तरी सारखंच दिसतं. आमची आधीची "लोड टेस्ट" अशीच होती, एका ग्राहकाचं सॅम्पल दहा हजार वेळा. आणि एक्सएमएल मोठं घ्या, छोट्या मेसेजला पार्सिंग इतक्या पटकन उरकतं की दोन थ्रेड एकमेकांना भेटतच नाहीत.

आता तिसरं, आणि मोबाईल नंबरचं मूळ तेच होतं. वरचं सगळं दुरुस्त झाल्यावरही ती तक्रार आली, नेमकी तीच, नाव पत्ता बरोबर आणि पर्यायी नंबर परका. टेस्ट हिरवी, अनमार्शलर नवा, तारखा नीट. दोन दिवस आम्ही परत थ्रेड्सच शोधत होतो आणि ते चुकीचं होतं, कारण हा प्रकार एका थ्रेडवरही होतो.

हा डेटा जेसनच्या एंडपॉइंटवरून यायचा. तिथे कुणीतरी जीसीचा (नको झालेले ऑब्जेक्ट साफ करण्याचा) भार कमी करायचा म्हणून रिस्पॉन्सचा ऑब्जेक्ट थ्रेड लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवला होता आणि जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीच्या रीडर फॉर अपडेटिंगने दर वेळी त्याच ऑब्जेक्टमध्ये नवा जेसन भरला जायचा. थ्रेड लोकल आहे म्हणजे दोन थ्रेड भांडत नाहीत, म्हणून रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी मान डोलावली, मीही. पण अपडेटिंगचा अर्थच असा की जेसनमध्ये जे आलंय तेवढंच बदलायचं आणि जे आलं नाही ते आहे तसं ठेवायचं. आणि समोरची सिस्टीम नल असलेले फिल्ड पाठवतच नाही, पर्यायी मोबाईल नसेल तर ती की (म्हणजे फिल्डचं नाव) जेसनमध्ये नसतेच. मग नागपूरच्या माणसाचा रिस्पॉन्स आला, त्याला पर्यायी नंबर होता, तो ऑब्जेक्टमध्ये बसला, आणि पूलमधल्या त्याच थ्रेडवर पुढची रिक्वेस्ट कोल्हापूरच्या बाईंची आली, त्यांना पर्यायी नंबर नाही, म्हणून आधीचा तसाच राहिला. नाव पत्ता नेहमी येतात म्हणून ते नेहमी बरोबर. लोडलाच का दिसायचं तेही मग उलगडलं, क्यूएवर आमच्या सॅम्पल जेसनमध्ये सगळे फिल्ड भरलेले असायचे, उरायला काही जागाच नव्हती, आणि प्रॉडक्शनला गर्दीच्या वेळी वेगवेगळ्या ग्राहकांच्या रिक्वेस्ट एकाच थ्रेडवर लागोपाठ यायच्या.

हे तपासायला थ्रेडच लागत नाहीत. एक पूर्ण भरलेला जेसन, त्यानंतर एक फक्त सक्तीचे फिल्ड असलेला जेसन, दोन्ही एकामागून एक त्याच कोडमधून पार्स करा आणि दुसऱ्याचे रिकामे फिल्ड खरंच रिकामे आहेत का बघा. पाच ओळींची टेस्ट आहे आणि आमच्याकडे ती पहिल्याच फटक्यात लाल झाली.

याद्यांचं अजून वेगळं. क्लासमध्ये नॉमिनींची लिस्ट असेल आणि तिला सेटर नसून फक्त गेटर असेल, तर जॅक्सन डिफॉल्टने गेटरमधून मिळालेल्या लिस्टमध्येच नवे घटक टाकतो. ऑब्जेक्ट पुन्हा वापरला की आधीच्याचे दोन नॉमिनी आणि ह्याचा एक, असे तीन होतात. सेटर असेल तर नवी लिस्ट बसते आणि हा प्रकार होत नाही, म्हणून एकाच ऑब्जेक्टमध्ये एक लिस्ट बरोबर आणि दुसरी फुगलेली असं विचित्र दिसतं. आतला पत्त्याचा ऑब्जेक्ट मात्र डिफॉल्टने पूर्ण नवा येतो, जॅक्सन २.९ पासून मर्जचं ॲनोटेशन आहे ते कुणी लावलं असेल तरच तो आतपर्यंत जुन्यात मिसळतो. लावलंय का ते एकदा शोधून बघा.

आणि ज्या कारणासाठी हे सगळं केलं त्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे की अशा कामात ऑब्जेक्ट वाचवून काही मिळत नाही. रिक्वेस्टपुरते जगणारे छोटे ऑब्जेक्ट यंग जनरेशनमध्येच (नव्या ऑब्जेक्टच्या मेमरीतच) मरतात आणि जेव्हीएम हे काम फार स्वस्तात करतं, आम्ही ते काढल्यावर रिस्पॉन्स टाइममध्ये मोजण्यासारखा फरक पडला नाही. महाग गोष्टी म्हणजे ऑब्जेक्ट मॅपर (जॅक्सनचा मुख्य ऑब्जेक्ट), जॅक्सबी कॉन्टेक्स्ट, कनेक्शन पूल, त्या जपा. जावा १६ किंवा पुढे असाल तर रिस्पॉन्सचे क्लास जावाच्या रेकॉर्ड या प्रकारात करून टाका, जॅक्सन २.१२ पासून रेकॉर्ड वाचतं, आणि रेकॉर्डचे फिल्ड बदलताच येत नाहीत म्हणून उद्या परत कुणी ऑब्जेक्ट वाचवायला गेला तरी त्याला ते जमणार नाही. आम्ही नवे सगळे क्लास तसेच करतोय.

जॅक्सनबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण "ऑब्जेक्ट मॅपर थ्रेड-सेफ आहे" हे अर्धंच वाक्य लोक लक्षात ठेवतात. तो थ्रेड-सेफ आहे तो सगळं कॉन्फिगरेशन पहिल्या वापराच्या आधी उरकलं तर. चालू रिक्वेस्टमध्ये मॅपरवर कॉन्फिगर मारलं तर ते कधी लागू होईल कधी नाही, कारण तयार झालेले डिसीरिअलायझर (जेसनमधून ऑब्जेक्ट भरणारे भाग) तो कॅश करतो. एखाद्या कॉलला वेगळी सेटिंग हवी असेल तर मॅपरपासून ऑब्जेक्ट रीडर घ्या, तो इम्युटेबल आहे, त्यावर विथ म्हटलं की नवा रीडर मिळतो आणि मूळ मॅपरला धक्का लागत नाही. दुसरं, तुम्ही स्वतः लिहिलेला डिसीरिअलायझरही असाच कॅश होतो, म्हणजे त्याचा एकच इन्स्टन्स सगळ्या थ्रेडना पुरतो, त्यात चालू नोडचं काहीही फिल्डमध्ये ठेवू नका, लोकल व्हेरिएबलमध्येच ठेवा. आमच्याकडे एकात "सध्याची करन्सी" अशी फिल्ड सापडली, तिची तक्रार अजून आली नव्हती एवढंच.

हाताने लिहिलेले सॅक्स हँडलर (एक्सएमएल तुकड्या-तुकड्याने वाचताना बोलावले जाणारे क्लास) असतील तिथेही बघा. स्ट्रिंगबिल्डर आणि चालू ऑब्जेक्ट फिल्डमध्ये असतात, आणि साफसफाई एंड डॉक्युमेंटमध्ये केलेली असते. मेसेज मध्येच तुटला, एक्सेप्शन आलं, की साफसफाईपर्यंत पोचतच नाही आणि पुढचा मेसेज आधीच्या अर्धवट मजकुरावर चढतो. साफसफाई स्टार्ट डॉक्युमेंटमध्ये करा, किंवा सरळ दर मेसेजला नवा हँडलर. थ्रेड लोकलमध्ये ठेवलेल्या अनमार्शलरचंही तसंच, त्यावर एकाने लावलेला स्कीमा किंवा ॲडॅप्टर पुढच्या रिक्वेस्टला तसाच चिकटून येतो.

एक पहारेकरी म्हणून आम्ही रिस्पॉन्समधला ग्राहक क्रमांक आपण मागितलेल्या क्रमांकाशी जुळतो का हे सेव्ह करण्याआधी तपासतो आणि जुळला नाही तर लिहीतच नाही. शेअर झालेल्या पार्सरमुळे पूर्ण रिस्पॉन्सच अदलाबदल झाला तर हे पकडतं, पण उरलेल्या फिल्डचा प्रकार हे पकडणार नाही कारण तिथे क्रमांक नेहमी नवाच असतो, तेव्हा यावर विसंबून वरची दोन जेसनची टेस्ट टाळू नका.

शेवटचं काम कोडचं नाही, टेबलाचं आहे. कोड सुधारला तरी आधी चुकीचे लिहिलेले नंबर तसेच पडून असतात आणि उद्या कुणी त्या नंबरवर मेसेज पाठवेल. ऑब्जेक्ट पुन्हा वापरणारा कोड कुठल्या रिलीजला आला ते गिटमधून काढलं, त्या तारखेपासून पुढे लिहिलेली आणि पर्यायी मोबाईल भरलेली सगळी रेकॉर्ड्स वेगळी काढली, रात्री कमी लोडला समोरच्या सिस्टीमला हळूहळू परत कॉल केले आणि जिथे तिकडे पर्यायी नंबर नाहीच पण आमच्याकडे आहे ती रेकॉर्ड्स लगेच रिकामी न करता आधी त्यांच्यावर नोटिफिकेशन बंद केलं, मग ग्राहकाने आमच्याकडे स्वतः नंबर दिलाय का ते तपासून एकेक मोकळी केली. नॉमिनींच्या फुगलेल्या याद्यांना तीच पद्धत लावली, फक्त तिथे ज्या रेकॉर्डमध्ये आधीच कुणीतरी हाताने दुरुस्ती केली होती ती बाजूला ठेवून माणसाकडून तपासून घेतली.